काट्यावर

तीस वर्षं मी नॅन्टनच्या धान्य-कोठारावर
दुसऱ्यांचे ट्रक तोलले.
भरलेला यायचा, रिकामा जायचा,
मधला फरक म्हणजे गहू.
शेतकरी आकड्याकडे बघायचे, मी खिडकीतून त्यांच्या पायांकडे.
कुणी सहज म्हणून एक बूट काट्यावर टेकवला
की दहा किलो वाढायचे.
मी खोकायचो.
तो बूट काढून घ्यायचा, आणि आम्ही हवापाण्याचं बोलायचो.

आता ट्रक आमचा.
दाराच्या चौकटीवर पिवळं स्टिकर:
माणसं धरून, सामान धरून
सातशे अठरा किलो. वर एक तोळा नाही.

कॅल्गरीच्या दुकानात पक्क्या भिंतींचा कॅम्पर होता,
आत ओव्हन, शॉवर, चक्क आरामखुर्ची.
रिकामाच सातशे नव्वद.
"स्प्रिंगा वाढवून घ्या," विक्रेता म्हणाला, "सगळेच नेतात."
त्या सगळ्यांना मी ओळखतो.
हेड्विग खुर्चीतून उठली,
उठताना तिने खुर्चीच्या हातावरून एकदा हात फिरवला.

मग पिंचर क्रीकला मार्लिसकडे.
ती नर्स. उत्तरेतल्या वस्त्यांवर बदल्या घेत
चार हिवाळे तिने याच कॅम्परमध्ये काढलेले.
छत वर उचललं की कापडाच्या भिंती उभ्या राहतात,
वारा सुटला की त्या श्वास घेतल्यासारख्या फुगतात.
चारशे छत्तीस किलो.
विकायला बसलेली बाई इतकं खरं बोलताना मी पाहिलेली नाही.
म्हणाली, उणे तीसला आपलाच श्वास आतून गोठतो,
सकाळी चमच्याने खरवडायचा.
गॅसची टाकी तीन रात्रींत संपते.
नोव्हेंबरपासून नळ विसरा, पाणी कॅनमध्ये, कॅन उशाशी.
"आणि उन्हाळ्यात?" हेड्विगने विचारलं.
"डास."
थोडं थांबून म्हणाली,
"एकदा कोल्हा दाराशी रात्रभर बसला होता.
तो कूस बदलायचा तेही ऐकू यायचं.
जाड भिंतीत ते गेलं असतं."

मी आडवा होऊन पाहिलं.
अंथरूण पाहून पाय पसरावे, खरंय,
मी पसरले, ते कपाटाला लागले.
हेड्विग शेजारी आडवी झाली. तिचे बरोबर बसले.
मी गुडघे वाकवायला शिकेन, असं ठरलं;
कुणी ठरवलं ते आठवत नाही.

रात्री स्वयंपाकघरात वही.
कॅम्पर चारशे छत्तीस.
मी अठ्ठ्याऐंशी, ती एकसष्ट
(लिहिताना तिने पान आपल्याकडे ओढून घेतलं होतं).
पाणी साठ लिटर, म्हणजे साठ किलो;
पाण्याइतका सरळ हिशेब कशाचाच नाही.
गॅस अठरा, बॅटरी चौदा,
कपडे, भांडी, अंथरूण, पीठ, कॉफी धरून एकोणचाळीस.
हिवाळ्यात पाणी वजा, गॅस अधिक,
आणि लोकरीचं सगळं.
उरले दोन.

माझ्याकडे दोन किलोचं एक पितळी वजन आहे.
निवृत्त झालो त्या दिवशी कोठारातून दिलेलं.
त्यात काही शिजत नाही, ते ऊब देत नाही,
वजन असणं एवढाच त्याचा गुण,
तोही अगदी अचूक.
वहीत मी लिहिलं: किरकोळ, दोन.

निघायच्या आदल्या दिवशी चिनूक सुटला,
छपरांवरचा बर्फ दुपारपर्यंत गटारात.
ट्रक जुन्या काट्यावर चढवला.
खिडकीत आता नवा मुलगा, तोंडात च्युइंग गम.
मर्यादेत बसला, त्याने अंगठा दाखवला.
हा काटा दहाच्या खालचं काही बघत नाही,
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

गाडी उताराला लागली
तसं गादीखाली काहीतरी एकदा गडगडलं.
हेड्विग समोर रस्त्याकडे बघत होती.
बघता बघता ती खोकली.

मी बूट काढून घेतला नाही.